नदीपलीकडे : भांबुर्डे, डेक्कन आणि आपली पाठमोरी मुठा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्याबद्दल आत्ताच इतकं चांगलं बोललं गेलं की त्यात भर घालायला माझ्याकडे एकच गोष्ट उरली आहे. मी त्यांचा विद्यार्थी. आठवीत त्यांनी आम्हाला संस्कृत शिकवलं. विसर्गाची दोन टिंबं फळ्यावर काढताना ते खडू असा ठोकायचे की मागच्या बाकावरचा झोपलेला मुलगा जागा व्हायचा. तो मुलगा बहुधा मीच असायचो. सर म्हणायचे, "विसर्ग म्हणजे सोडणं. श्वास सोडायचा असतो, तो गिळायचा नसतो." हा विसर्ग तेवढा ध्यानात ठेवा. व्याख्यान संपता संपता तो मला पुन्हा लागणार आहे.

आजचा विषय मी जवळचा घेतला आहे. इतका जवळचा की तुमच्यातले निम्मे लोक तो तुडवतच इथे आले. मुठा नदीच्या डाव्या काठावरचं आपलं उपनगर. पेठेतली माणसं ज्याला माझ्या लहानपणी 'नदीपलीकडे' म्हणायची, ते. डेक्कन, शिवाजीनगर, एरंडवणे, आणि पुढे कर्वेनगरपर्यंत गेलेली ही सगळी पट्टी. इतिहास सांगायचा तर फार आहे, आणि वेळ तासाभराचा आहे. म्हणून मी चारच गोष्टी सांगणार : नावं, पूल, पूर आणि रोजचं जगणं. आणि ह्या चारांतून मला म्हणायचं आहे एकच. ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे ज्यांना लवकर उठायचं आहे त्यांची सोय होईल. आपण नदीकाठी राहायला आलो, पण नदीसाठी आलो नाही.

आता पहिली गोष्ट, नावं.

'डेक्कन' हे गावाचं नाव आहे का? नाही. ते एका क्लबाचं नाव आहे. 1906 साली डेक्कन जिमखाना स्थापन झाला, त्याच्या भोवती वस्ती झाली, वस्तीच्या तोंडाशी बसथांबा आला, आणि कंडक्टरनं 'चला डेक्कन, डेक्कन' म्हणून घंटी मारली. झालं. गावाचं बारसं बहुतेक वेळा कंडक्टरच करतो. 'नळ स्टॉप'ला तर धड व्यक्तीचं नाही, जागेचं नाही, एका नळाचं नाव चिकटलं. ज्याच्यावरून ते पडलं तो नळ आज कुणाला दाखवता यायचा नाही, पण रिक्षावाल्याला विचारून बघा, तो बरोबर तिथे नेऊन सोडतो.

मग ह्या जमिनीची खरी नावं कोणती? भांबुर्डे, एरंडवणे आणि हिंगणे. ही गावं होती. पाटील, बलुतेदार, वेशी, देवळं, शेतं असलेली नांदती गावं. भांबुर्ड्याचं रेल्वे स्टेशनसुद्धा आधी भांबुर्डेच होतं. पुढे गावाचं शिवाजीनगर झालं, आणि हिंगणे बुद्रुकचं कर्वेनगर. एरंडवणे तेवढं शिल्लक राहिलं, तेही सातबाऱ्यावर आणि पोस्टाच्या पत्त्यात. बोलताना आपण म्हणतो, 'कर्वे रोडला राहतो.'

उपनगर म्हणजे शहराचं शेपूट, अशी आपली समजूत. आधी शहर, मग ते वाढलं, ओसंडलं, आणि त्यातून उपनगर निघालं. पण जंगली महाराज रस्त्यावर उतरा आणि पाताळेश्वराच्या लेण्यात जा. अखंड कातळातून कोरलेलं ते देऊळ आठव्या शतकातलं, राष्ट्रकूटांच्या काळातलं. समोरचा गोल नंदीमंडप बघा, त्याचे ठेंगणे चौकोनी खांब बघा. आता हिशेब करा. शनिवारवाड्याची वास्तुशांत 1732 सालची. म्हणजे ज्याला आपण पुण्याची ओळख म्हणतो तो वाडा उभा राहिला, तेव्हा नदीपलीकडचं हे लेणं जवळपास हजार वर्षांचं होतं! शेपूट कुणाचं आणि अंग कुणाचं?

पण नावाला चिकटून एक कडू गोष्टही येते, ती मी टाळणार नाही. 'डेक्कन' म्हटलं की तुमच्या डोळ्यापुढे काय येतं? बंगला, फाटकावर संगमरवरी पाटी, कुंपणाला मधुमालती, आत पेन्शनीतले आजोबा आणि दारात 'कुत्र्यापासून सावध राहा'. भांबुर्ड्याचं गावठाण येतं का? रोकडोबाचं देऊळ येतं का? लकडी पुलाच्या अंगाखाली वसलेली पुलाची वाडी येते का? नाही येत. एका क्लबाच्या नावानं तीन गावं झाकून टाकली. वसाहत शिकलेल्यांची होती, नोकरदारांची होती, आणि खरं सांगायचं तर बरीचशी एकाच जातीची होती. त्या बंगल्यांत भांडी घासायला, बागेला पाणी घालायला, दूध घालायला येणारी माणसं इथलीच, ह्याच काठावरची. इतिहासाच्या पुस्तकात मात्र बंगले आहेत आणि वाडी नाही.

बंगल्यात राहायला आलेली ही माणसं पेठ सोडून नदीपलीकडे आली कशाला? दोन कारणांनी. एक शिक्षण. 1885 साली फर्ग्युसन कॉलेज सुरू झालं, आणि 1895 मध्ये ते टेकडीच्या पायथ्याशी आपल्या इमारतीत आलं. गोपाळ कृष्ण गोखल्यांनी 1905 मध्ये भारत सेवक समाज काढला, तो शेजारीच. 1917 मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संस्था झाली. 1924 मध्ये लॉ कॉलेज, 1930 मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था. एका संस्थेनं दुसरीला हाक मारली आणि प्राध्यापकांनी कॉलेजजवळ घरं शोधली.

दुसरं कारण प्लेग. 1897 चा प्लेग. पेठेतल्या अंधाऱ्या वाड्यांत उंदीर पडायला लागले आणि माणसं गाठोडी बांधून मोकळ्या माळावर झोपड्या घालून राहू लागली. प्लेगचा बंदोबस्त करणाऱ्या रँडसाहेबावर गोळी झाडली गेली तो गणेशखिंडीचा रस्ता ह्याच काठावरचा. त्या वर्षांनी पुणेकरांच्या मनात एक शब्द कायमचा कोरला : 'हवा'. मोकळी हवा. पुढे नगररचनेचा 1915 चा कायदा आला, आखलेले रस्ते आले, सहकारी वसाहती आल्या, आणि घराच्या चारी बाजूंना जागा सोडायची पद्धत आली. का? हवा खेळावी म्हणून.

आणि इथे माझा मुद्दा येतो. माणसं नदी ओलांडून आली ती पाण्यासाठी नाही, हवेसाठी आली. म्हणून ह्या उपनगराचं तोंड कुठे आहे बघा. टेकडीकडे! सकाळी उठून आपण कुठे जातो? हनुमान टेकडीला, वेताळ टेकडीला. आमचा अभिमान टेकडीचा, आमची आंदोलनं टेकडीसाठी, आमची कॉलेजं टेकडीला टेकलेली. आणि नदी? नदी मागच्या अंगणात. जिथे आपण मोरीचं पाणी सोडतो आणि कचरा टाकतो, तिथे. पेठांनी निदान नदीला घाट बांधले होते, ओंकारेश्वराचं देऊळ बांधलं होतं. आम्ही बंगलेवाल्यांनी नदीला एक पायरी बांधली नाही.

दुसरी गोष्ट, पूल.

लकडी पुलाची कथा तुम्हाला ठाऊक आहे, तरी सांगतो, कारण ती सांगितल्याशिवाय पुण्यात व्याख्यान पुरं होत नाही. 1761. पानिपत झालं. फौजेचं उरलंसुरलं परत येऊ लागलं, आणि नानासाहेब पेशव्यांनी नदीवर घाईनं लाकडी पूल बांधवला. कशासाठी? सांगतात ते असं की, हरून आलेल्यांना लोकांना तोंड दाखवायची वेळ येऊ नये, त्यांना लवकर घरी पोचता यावं म्हणून. त्याच जूनमध्ये पर्वतीवर खुद्द नानासाहेब गेले. लाकडी पूल पुढे पुरात गेला आणि एकोणिसाव्या शतकात दगडी झाला. नंतर त्याला संभाजी महाराजांचं नाव दिलं गेलं. पण आपण अडीचशे वर्षांनंतरही त्याला लकडी पूलच म्हणतो. दगडाला लाकूड म्हणण्याइतकी ह्या गावाची आठवण चिवट आहे.

पुलाचा जन्मच मुळी 'तोंड दाखवायला नको' ह्यासाठी झाला, ही कथा खरी असो की रचलेली असो, मला ती फार बोलकी वाटते. नदीतून पायी जाणारा माणूस नदीकडे बघतो. पाणी किती आहे, ओढ किती आहे, पाय कुठे ठेवायचा, सगळं बघतो. पुलावरून जाणारा माणूस समोर बघतो. हा फरक लहान नाही.

मग 1923 मध्ये गव्हर्नर लॉइड ह्यांच्या नावाचा दगडी पूल झाला. आज तो शिवाजी पूल, आणि बोलण्यात 'नवा पूल'. शंभरी उलटली तरी नवाच! हे लॉइडसाहेब आणखी एका कारणानं आपले लागतात. 1919 साली डेक्कन जिमखान्याच्या क्रीडास्पर्धांना दोराबजी टाटा अध्यक्ष होते. अनवाणी धावणारे खेड्यातले गडी बघून त्यांना वाटलं, ही पोरं ऑलिंपिकला का जाऊ नयेत? समारंभाला गव्हर्नर लॉइड होते, त्यांच्याकडे त्यांनी शब्द टाकला. पुढच्याच वर्षी, 1920 मध्ये, अँटवर्पच्या ऑलिंपिकला हिंदुस्थानचा चमू गेला, आणि त्यात बेळगावचे फडेप्पा चौगुले मॅरेथॉन धावले. भारताच्या ऑलिंपिकची वाट ह्या मैदानावरून निघाली आहे. तिथून रोज जाता ना? पुढच्या वेळी जरा हळू जा.

पुढे पुलांची रांगच लागली. राजाराम पूल, म्हात्रे पूल, एस. एम. जोशी पूल, झेड ब्रिज, भिडे पूल. प्रत्येक पुलाला त्याचा स्वभाव आहे. लकडी पूल मानकरी. विसर्जनाची मिरवणूक टिळक चौकातून त्याच्याकडेच येते. आणि आषाढी वारीत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या फर्ग्युसन रस्त्यानं येऊन, ह्याच पुलावरून पेठांत शिरतात. ज्या पुलाची गोष्ट हरलेल्यांना लपवण्यापासून सुरू होते, त्यावरून दरवर्षी लाखो माणसं उघड्या गळ्यानं नाव घेत जातात, हे मला फार आवडतं. झेड ब्रिज तरुण. तो फक्त दुचाक्यांसाठी, आणि संध्याकाळी फक्त जोडप्यांसाठी. नदीकडे तोंड करून बसणारी ह्या उपनगरातली एकमेव जमात म्हणजे झेड ब्रिजवरची जोडपी. त्यांना नावं ठेवू नका. निदान ती नदीकडे बघतात तरी!

आणि मग भिडे पूल. सगळ्यांत बुटका, सगळ्यांत साधा. खडकवासल्यातून पाणी सोडलं की हा पहिला बुडतो. त्याच्याकडे मी पुन्हा येणार आहे.

एवढंच नीट बघा, की पूल जसजसे वाढले तसतशी नदी दिसेनाशी झाली. एक पूल होता तेव्हा त्याच्यापर्यंत जायला काठाकाठानं चालावं लागायचं. आता दर पाच मिनिटांच्या अंतरावर पूल आहे, आणि नदी म्हणजे दोन सिग्नलांच्या मधला एक उघडा तुकडा. वास आला की आपण काच वर करतो.

तिसरी गोष्ट, पूर.

इथे मला इतिहासकार म्हणून बोलता येणार नाही. मी तेव्हा सात वर्षांचा होतो. बुधवार, 12 जुलै 1961.

पुण्यापासून वर, मुठेला मिळणाऱ्या आंबी नदीवर पानशेतचं मातीचं धरण बांधलं जात होतं. काम पुरतं झालेलं नव्हतं, पाणी मात्र त्या पावसाळ्यात अडवलं गेलं. ज्या मोरीतून पाणी बाहेर काढायचं, तिच्यावरचा भराव खचत गेला. आदल्या रात्री लष्कराचे जवान वाळूची पोती रचत होते. पण पोत्यांनी धरण थांबतं का? सकाळी पानशेत फुटलं. ते पाणी खाली आलं आणि 1879 पासून उभ्या असलेल्या खडकवासल्याच्या धरणाला धडकलं. मग तेही फुटलं. आणि दोन्ही धरणांचं पाणी भर दुपारी पुण्यात आलं.

आम्ही एरंडवण्याला दीड खोलीत राहत होतो, चढाच्या अंगाला. आमच्यापर्यंत पाणी आलं नाही. माझी आजी नारायण पेठेत राहायची. दुसऱ्या दिवशी ती आली. अंगावरचं लुगडं तेवढं तिचं होतं, बाकी सगळं चिखलाचं. हातात एक तांब्याचा गडू. 'एवढाच का आणलास?' असं माझ्या आईनं विचारलं. आजी म्हणाली, "हातात हाच होता." पुढे ती अठरा वर्षं जगली, पण पुराबद्दल ह्या तीन शब्दांपलीकडे मी तिच्या तोंडून काही ऐकलं नाही. तो गडू अजून माझ्याकडे आहे.

पेठांचे वाडे बसले. शनिवार, नारायण, कसबा, नदीकाठच्या सगळ्या पेठा. आणि आपल्या काठावर पुलाची वाडी, डेक्कनचा सखल भाग. लकडी पुलाला जबर इजा झाली. आणि पूर ओसरल्यावर काय झालं? पाणी गेलं! खडकवासल्याचा तलावच रिकामा झाल्यामुळे गावाचे नळ कोरडे पडले. ज्या शहरावरून पाणी वाहून गेलं, त्या शहराला प्यायला पाणी नव्हतं. तेव्हा कोण उपयोगी पडलं? परसातल्या विहिरी, आणि कात्रजच्या तलावातून भुयारी नळानं पाणी आणणारे पेशवाईतले हौद. लकडी पुलाचे नानासाहेब आणि कात्रजच्या नळाचे नानासाहेब एकच. दोनशे वर्षांनी त्यांनी पुण्याला पाणी पाजलं.

पुरानं ह्या उपनगराचा नकाशा बदलला. पुनर्वसनाचं काम स. गो. बर्वे ह्यांच्यासारख्या खमक्या सनदी अधिकाऱ्याकडे आलं. पेठांतून उठलेल्या माणसांसाठी वसाहती वसल्या. नदीच्या ह्या बाजूला गोखलेनगर, त्या बाजूला सहकारनगर. माळावर अर्धगोल पत्र्यांच्या निसेन हट उभ्या राहिल्या. आम्हा मुलांना त्या आडव्या पडलेल्या पिंपांसारख्या दिसायच्या. आत उन्हाळ्यात भट्टी आणि पावसाळ्यात ताशा. 'पूरग्रस्त' हा शब्द विशेषण न राहता आडनावासारखा झाला. शाळेत मास्तर विचारायचे, 'कुठला रे तू?' मुलगा म्हणायचा, 'पूरग्रस्त.'

प्लेगनं माणसं हवेसाठी नदीपलीकडे आणली. पुरानं ती उंचावर नेली. दोन्ही वेळी माणूस नदीपासून लांब गेला. पण सगळेच लांब गेले का? पुलाची वाडी कुठे गेली? ती तिथेच राहिली. तिला उंचावर जागा कुठे होती? बंगल्याला टेकडी परवडते. वाडीला काठ.

चौथी गोष्ट, रोजचं जगणं. ह्यावर मी एक अख्खं व्याख्यान देईन, पण कार्यकर्ते घड्याळाकडे बघू लागले आहेत.

इथला दिवस कसा जायचा? पहाटे टेकडी. टेकडीवर निवृत्त न्यायाधीश, प्राध्यापक, पैलवान आणि कुत्री एकाच पायवाटेनं जायचे, आणि जागा फक्त पैलवानाला मिळायची. दामोदर कोसंबी भांडारकर संस्थेच्या रस्त्यावर राहायचे. गणितातले मोठे पंडित. नोकरी मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, म्हणून डेक्कन क्वीननं जा-ये. आणि सवड मिळाली की पुण्याच्या आसपासच्या टेकड्या पालथ्या घालायचे, अश्मयुगातल्या माणसाची गारगोटीची बारीक हत्यारं वेचत. जिथे आपण पायातला खडा काढून फेकतो, तिथे त्यांना इतिहास सापडायचा. इरावतीबाई कर्वे इथूनच स्कूटरवर बसून येरवड्याला डेक्कन कॉलेजात जायच्या. 1950 च्या दशकात स्कूटरवर साडी, की साडीत स्कूटर, असा गावाला प्रश्न पडायचा.

आणि त्यांचे सासरे, अण्णासाहेब, म्हणजे महर्षी धोंडो केशव कर्वे. त्यांना आपण एक रस्ता देऊन मोकळे झालो. दिवसभर फर्ग्युसनमध्ये गणित शिकवायचं, आणि संध्याकाळी हिंगण्याच्या माळावर जायचं. 1900 मध्ये विधवांचा आश्रम तिथे एका झोपडीत आला होता. वाट चिखलाची, काळोखाची. आश्रमाचं सामान बरोबर घेऊन ते पायी जायचे. रोज. आज त्याच वाटेवर मेट्रो धावते, आणि नळ स्टॉपला सिग्नल सुटेना म्हणून आपण वैतागतो. 1916 मध्ये महिला विद्यापीठाचा आरंभ ह्याच हिंगण्यात झाला. गाव नदीपलीकडे टाकत होतं त्या बायकांना, आणि नदीपलीकडेच त्या शिकल्या. उपनगराचा हा एक उपयोग विसरू नका. शहराला जे पेलत नाही, ते उपनगरात उगवतं.

सिनेमासुद्धा तसाच आला. 1933 मध्ये प्रभात फिल्म कंपनी कोल्हापूर सोडून इथे आली आणि एका रस्त्याला नाव देऊन गेली. 1936 चा 'संत तुकाराम' ह्याच कंपनीचा. तुकोबांच्या इंद्रायणीची गोष्ट जगाला दाखवली ती मुठेपासून वीस-पंचवीस मिनिटांच्या चालीवर राहून. 1960 पासून त्या जागेवर फिल्म इन्स्टिट्यूट आहे. नाटकाचं म्हणाल, तर 1968 मध्ये बालगंधर्व रंगमंदिर उघडलं, तेही जवळजवळ काठावरच. मध्यंतरात वडा खायला बाहेर आलेल्या किती प्रेक्षकांना माहीत असतं की मागे नदी आहे? संवादांत नदी असते, नेपथ्यात असते, गाण्यात असते. मागे असते ती कुणाला आठवत नाही.

पण एक उपनगर आणखी आहे. नदीपात्रातलं. मुठा आठ महिने कोरडी, कारण वर खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर ही धरणं तिचं पाणी धरून ठेवतात, आणि उरतं ते आपण सोडलेलं सांडपाणी. त्या कोरड्या पात्रात काय नाही झालं? सर्कशीचे तंबू पडले, आणि रात्री सिंहाच्या डरकाळीनं माझ्यासारखी मुलं अंथरुणात घट्ट झाली. दिवाळीला फटाक्यांच्या गाळ्यांची रांग. रविवारी सकाळी बाप मुलाला मोटार शिकवायला पात्रात आणायचा, कारण 'तिथे आपटायला काही नाही'. धोब्यांच्या दोऱ्या, क्रिकेट, संध्याकाळची भेळ, अंडाबुर्जीच्या गाड्या. आणि रस्ता! नदीच्या पोटातून रस्ता! आपण नदीला इतकं गृहीत धरलं की तिच्या अंगावरून शॉर्टकट काढला. ऑगस्ट 2023 पासून काठाकाठानं मेट्रोही धावते. डेक्कन आणि संभाजी उद्यान ह्या दोन स्थानकांची छपरं मराठी पगडीसारखी केली आहेत. पगडी नदीवर टेकवली आहे. नदीनं ती डोक्यावर घेतली आहे की तिच्या डोक्यावर ती ठेवली गेली आहे, हे ज्यानं त्यानं ठरवावं.

मी जुन्याचं गाणं गाणारा माणूस नाही. जुन्या काळात ही नदी सोवळी होती आणि आता विटाळली, असं मी म्हणणार नाही. जुन्या काळातही आम्ही तिच्याकडे पाठच केली होती. फरक इतकाच की तेव्हा आम्ही थोडे होतो, आणि आता पुष्कळ आहोत.

आता आवरतो. भिडे पुलाकडे परत येतो.

पावसाळ्यात एक बातमी दरवर्षी येते : 'भिडे पूल पाण्याखाली'. वर्तमानपत्रं छापतात, पोरं मोबाइलवर चित्रं टाकतात, आणि वळसा घालावा लागला म्हणून आपण चरफडतो. पण मला वाटतं ह्या सगळ्या पुलांत खरं बोलणारा तोच एक. बाकीचे पूल आपल्याला सांगतात, 'नदी नाहीच, तू जा.' भिडे पूल सांगतो, 'थांब. आज नदी आहे.'

25 जुलै 2024 ची सकाळ आठवा. खडकवासल्यातून पाणी सोडलं होतं. सिंहगड रस्त्याच्या काठच्या सोसायट्यांत पाणी शिरलं. आणि इथे, डेक्कनच्या पायाशी, पुलाच्या वाडीत, पाण्यातून अंडाबुर्जीची गाडी हलवताना विजेचा धक्का बसून तीन तरुण मुलं गेली. 1961 नंतर त्रेसष्ट वर्षांनी. जागा तीच. त्या वेळी मी कुठे होतो? घरी, चढाच्या अंगाला, चहा पीत. माझ्यापर्यंत पाणी आलं नाही. माझ्यापर्यंत पाणी कधीच येत नाही.

काही दिवसांनी मी वाडीत गेलो. ओळखीची एक बाई आहे, आमच्या घरी पंचवीस वर्षं कामाला होती. तिला विचारलं, "पाणी येणार हे तुम्हाला कळतं कसं?" ती म्हणाली, "काका, धरणातून विसर्ग किती सोडला त्यावर असतं." मी थबकलो. विसर्ग? तिनं बोटांवर मला हिशेब सांगितला. इतके हजार क्युसेक झाले की पात्रातला रस्ता जातो, इतके झाले की भिडे पूल जातो, आणि इतके झाले की आपली कपाटं उचलायची.

मी सरांचा विद्यार्थी. पन्नास-पंचावन्न वर्षं मी मानत आलो की विसर्ग म्हणजे फळ्यावरची दोन टिंबं. त्याच काठावर, माझ्या घरापासून पंधरा मिनिटांवर, तोच शब्द रात्री दोन वाजता मोबाइलवर येतो, आणि माणसं पोरांना कडेवर घेऊन पायऱ्या चढतात. एकाच उपनगरात एका शब्दाचे दोन अर्थ राहतात, आणि दोघांची गाठ पडत नाही.

तेव्हा मागणं एकच, आणि ते लहान आहे. नदीची पूजा करा, घाट बांधा, आंदोलनं करा, असलं काही मी मागत नाही. येत्या पावसाळ्यात एवढंच करा. खडकवासल्यातून आज किती विसर्ग आहे, ते सकाळी बघत जा. चढावर राहत असाल तरी बघा. पाणी आपल्यापर्यंत येणार नसलं तरी बघा. तो आकडा वाढला की खाली कुणाचं काय उचललं जातं आहे, ते तुम्हाला आपोआप कळेल.

श्वास सोडायचा असतो, सर म्हणायचे. पाणीही सोडावंच लागतं. ते कुणाच्या अंगणात जातं, तेवढं आपल्याला ठाऊक असावं.

बाहेर पाऊस सुरू झालेला दिसतोय. भिडे पुलावरून आला असाल, तर जाताना आधी विचारून घ्या.